मक्याचा अंदाज बांधावरून नको, तासात उतरून करा



मका चिकातून पुढं सरकलाय, दाणा घट्ट होत आलाय. येत्या आठवड्यात कंपनीचा फोन येईल, "एकरी किती निघेल?" आणि बरेच जण बांधावर उभं राहूनच सांगतील, "तीस क्विंटल कुठं गेले नाहीत!"

गेल्या खरिपात मीही असंच सांगितलं होतं. रस्त्याकडेचा मका डोक्याच्या वर, कणीस वीतभर. काट्यावर भरले बावीस. फटका एकट्याला बसला असता तर निभावलं असतं. पण तुमच्या-माझ्या आकड्यांची बेरीज करून कंपनीनं खरेदीदाराला शब्द दिला होता. माल कमी पडला आणि कपात सगळ्यांच्या बिलात आली. ज्यांनी मोजून खरं सांगितलं, त्यांच्याही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: *अंदाज म्हणजे बढाई नाही, तो दिलेला शब्द आहे.*

बांधावरून फसगत का होते? कडेच्या ताटांना ऊन-वारा जास्त, म्हणून तिथलं कणीस मोठं. आत कुठं पाणी साचलेलं असतं, कुठं लष्करी अळीनं पोंगे खाल्लेले असतात, कुठं बी उगवलेलंच नसतं. ते बाहेरून दिसत नाही.

*मोजायचं असं:*

१) दोरी घ्या. दोन तासांतलं अंतर २ फूट असेल तर दोरी पावणेबावीस फूट, अडीच फूट असेल तर साडेसतरा फूट. एका तासातली एवढी लांबी म्हणजे एकराचा हजारावा भाग.

२) बांधापासून वीस-पंचवीस पावलं आत जा. त्या लांबीतली दाणे भरलेली कणसं मोजा. वांझ आणि नखाएवढी कणसं सोडा.

३) दर पाचवं कणीस सोलून बघा. दाण्यांच्या ओळी गुणिले एका ओळीतले दाणे. शेंड्याचे बारीक दाणे धरू नका. चांगलं कणीस शोधत फिरू नका, पाचवं येईल तेच घ्या.

४) असं शेतात पाच ठिकाणी करा आणि सरासरी काढा. एक ठिकाण मुद्दाम पडक्या भागात घ्या.

*आता हिशोब.* समजा सरासरी २४ कणसं आली. कणसाला १४ ओळी, ओळीत २८ दाणे, म्हणजे ३९२ दाणे. २४ गुणिले ३९२ झाले ९,४०८. याला २८ नं गुणून १०० नं भागा: २,६३४ किलो, म्हणजे एकरी सव्वीस क्विंटल. इथं वाळलेल्या हजार दाण्यांचं वजन २८० ग्रॅम धरलंय. दाणा भरताना पाण्याचा ताण बसला असेल, दाणा बारीक असेल, तर २८ ऐवजी २५ धरा. तोच मका साडेतेवीसवर येतो.

अजून दोन गोष्टी. सातबाऱ्यावर एकर असला तरी विहीर, बांध, वाट सोडून पेरा पस्तीस गुंठ्यांचाच असेल तर सव्वीसचे तेवीसच होतात. आणि ओला माल वजनात फसवतो. २४ टक्के ओलाव्याचा १०० किलो मका १४ टक्क्यांवर आणला की ८८ किलोच्या आसपास भरतो. शिवाय पडलेली कणसं, रानडुकरं, मळणीतली गळ यांचं थोडं वजा धराच.

काही जण म्हणतील, "पीककापणी प्रयोग होतातच की, मग आपण कशाला मोजायचं?" तो प्रयोग विम्यासाठी मंडळाची सरासरी काढायला असतो. तुमच्या शेतात किती पोती भरतील हे त्यातून कळत नाही. काही जण मुद्दाम कमी सांगतात, थोडा माल बाहेर घालायचा असतो म्हणून. माल तुमचा आहे, कुठंही विका. पण किती देणार ते आधी मोकळेपणानं सांगा. बारदान, मळणीचं मशीन, टेम्पो, गोदामातली जागा हे सगळं तुमच्या आकड्यावर ठरतं.

आणि एक विचार करा. उभं पीक मागायला येणारा व्यापारी बांधावरून भाव करत नाही. तो आत शिरतो, चार कणसं सोलतो, मग आकडा बोलतो. आपलं पीक आपल्यापेक्षा त्याला जास्त कळावं, हे बरं नाही. दुकानाची उधारी, मजुरी, रब्बीचं बियाणं यांचा मेळ आपण याच आकड्यावर घालतो. तो आकडा फुगलेला असेल तर कर्ज खरं आणि पीक खोटं, अशी गत होते.

चिकातला अंदाज कच्चा असतो. शेंड्याचे दाणे नंतरही मारले जातात. म्हणून आत्ता एकदा मोजा आणि तोडणीच्या दहा-बारा दिवस आधी पुन्हा मोजा. आकडा बदलला तर कळवा, त्यात कमीपणा नाही.

*येत्या रविवारपर्यंत याच नंबरवर पाठवा:* नाव, गाव, प्रत्यक्ष पेरा किती गुंठे, पाच ठिकाणची कणसं, सरासरी दाणे. हिशोब जमला नाही तर नुसते आकडे बोलून व्हॉइस मेसेज टाका, आम्ही मांडून देऊ.

वीस आले तर वीस सांगा. खऱ्या विसावर सौदा होतो, खोट्या तिसावर भांडण होतं.

– तुमचाच एक सभासद-संचालक