झोपेचे मस्टर

मध्यंतरी तीन आठवडे हे सदर आले नाही. काही वाचकांनी विहारात भेटून विचारले, काहींनी फोन केले. एका ज्येष्ठ वाचकांनी तर थेट संपादकांनाच विचारले, "त्यांचे काही बरेवाईट झाले काय?" बरेवाईट काही झाले नाही. आम्ही झोपायला शिकत होतो. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला झोपायला शिकावे लागते हे आम्हालाही नवीनच होते. ती हकिकत आज सांगतो, कारण ती आमच्या एकट्याची नाही.

आम्ही घोरतो. हे काही गुपित नव्हे, चाळीतल्या शेजारच्या तीन खोल्यांना ते ठाऊक आहे. आमचे वडीलही घोरत. रात्रपाळी करून आलेला माणूस घोरू लागला की घरातली माणसे म्हणत, "दमलाय बिचारा, गाढ झोपलाय." घोरणे म्हणजे गाढ झोप, ही समजूत घेऊनच आम्ही लहानाचे मोठे झालो. इतका गाढ झोपणारा माणूस दिवसभर पेंगतो कसा, हा प्रश्न मात्र कोणाच्या डोक्यात आला नाही.

आमचे पेंगणे हळूहळू वाढत गेले. कल्याणला उतरायचे आणि जाग आसनगावला यायची, असे एका वर्षात चार वेळा झाले. जयंतीच्या तयारीच्या बैठकीत जमाखर्च मांडता मांडता स्वतःच्याच वाक्याच्या मध्यावर आम्हाला डुलकी लागली. पोरे हसली, आम्हीही हसलो. कार्यालयात मात्र हसता आले नाही. दुपारी तीननंतर आकडे डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळत. एकदा मागच्या टेबलावरून शब्द कानावर आले, "कोट्यातून आलेत, झोपा काढायचा पगार मिळतो." हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकले आहे. एरवी आम्ही उत्तर दिले असते. त्या दिवशी दिले नाही, कारण आमचे डोळे खरोखरच मिटलेले होते. तो सल मनात राहिला. आम्ही चहा वाढवला, तोंडावर पाणी मारले, स्वतःला आळशी म्हटले. आजारी म्हणायचे काही सुचले नाही.

पुढे रक्तदाब दोन-दोन गोळ्या घेऊनही उतरेना. तेव्हा डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, "घोरता का?" आम्ही तोंड उघडायच्या आत आमच्या मंडळींनी उत्तर दिले, "घोरतात, आणि मधेच श्वास बंद पडतो." डॉक्टरांनी टेप घेऊन आमची मान मोजली. साडेसतरा इंच भरली. जाड मानेच्या माणसात हा आजार जास्त आढळतो, असे म्हणून त्यांनी झोपेची तपासणी लिहून दिली.

ती तपासणी म्हणजे रुग्णालयात एक रात्र काढणे. डोक्याला, छातीला, पायाला वायरी, नाकाशी एक बारीक नळी आणि बोटाला चिमटा. इतक्या जंजाळात झोप कसली येणार असे वाटले, पण आम्हाला पाच मिनिटांत लागली. अहवाल आला. झोपेत आमचा श्वास तासाला ३८ वेळा अडत होता. श्वास निदान १० सेकंद अडला तरच तो मोजतात. तासाला ५ पेक्षा कमी असेल तर चिंता नाही, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. आम्ही पडलो हिशेबी माणूस. ३८ गुणिले सहा तास, म्हणजे रात्रीत २२८ वेळा. ज्याला आम्ही गाढ झोप समजत होतो, ती २२८ ठिकाणी तुटलेली होती.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि काही माणसांत हवेची वाट मिटते. छाती ओढ घेत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू माणसाला क्षणभर जागा करतो. माणूस घुसमटल्यासारखा आवाज करून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. डोके जड होते, तोंडाला कोरड पडते, इतकेच. पण वर्षानुवर्षे असे चालले तर रक्तदाब वाढतो आणि हृदयविकाराचा, पक्षाघाताचा धोका वाढतो.

यावर डॉक्टरांनी सांगितला तो उपाय म्हणजे सीपॅप नावाचे यंत्र. ही युक्ती ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी काढली. १९८१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांवरचा अनुभव 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. कल्पना सोपी आहे. मिटणारी वाट हवेच्या दाबाने उघडी ठेवायची. यंत्र खोलीतलीच हवा गाळून घेते आणि नळीतून मास्कमध्ये सोडते. हा प्राणवायू नव्हे, औषधही नव्हे. आमचा दाब दहा सेंटिमीटर ठरला, म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा जेवढा दाब असतो तेवढा. यंत्र आणि मास्क मिळून चाळीस हजारांच्या घरात गेले. पतपेढीचे कर्ज काढले आणि यंत्र घरी आले.

पहिल्या रात्री आम्ही चाळीस मिनिटे टिकलो. श्वास सोडताना समोरून कोणी फुंकर मारते आहे असे वाटे. मास्क नाकावर चढला की जीव घाबराघुबरा होई. दुसऱ्या रात्री झोपेतच तो ओढून फेकला. तिसऱ्या रात्री नळीत पाणी साचले आणि गुडगुड आवाज येऊ लागला. धाकटा म्हणाला, "पप्पा, हुक्का ओढताय का?" चौथ्या रात्री शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिले आणि सकाळपर्यंत चाळभर झाले की आम्हाला व्हेंटिलेटर लावला आहे. २०२१ सालच्या कोरोनाच्या लाटेत आमच्या चाळीतली माणसे गेली आहेत. मास्क आणि नळी दिसली की लोकांच्या पोटात अजून धस्स होते, त्यात त्यांचा काय दोष? मुरबाडहून आमची आत्या शहाळी घेऊन आली आणि दारातच तिने डोळ्यांना पदर लावला. आम्हाला इतकी लाज वाटली की पाचव्या दिवशी यंत्र पिशवीत घालून कपाटावर ठेवून दिले. घरात सांगितले, "उद्यापासून लावतो."

महिन्याने डॉक्टरांनी बोलावले. "लावता ना रोज?" आम्ही म्हणालो, "हो, लावतो की." डॉक्टरांनी यंत्रातले छोटे कार्ड काढून संगणकात घातले. कोणत्या रात्री किती तास मास्क होता हे सारे त्यात लिहिलेले असते, हे आम्हाला माहीत नव्हते. डॉक्टरांनी वाचून दाखवले, "महिन्यात चार रात्री. चार रात्री मिळून साडेतीन तास." ज्या माणसाने वीस वर्षे दुसऱ्यांची मस्टरे तपासली, त्याचेच मस्टर कोणीतरी त्याच्यासमोर उघडले होते.

आम्ही कारणे सांगू लागलो. तेव्हा मंडळी पहिल्यांदा बोलल्या. डॉक्टरांशी नव्हे, आमच्याशी. "अहो, तुम्ही घोरता तेव्हा मला झोप लागते. आवाज थांबला की मी उठून बसते. श्वास परत आला नाही तर खांदा हलवते. नऊ वर्षं झाली. मी कोणाला सांगू?"

वाचकहो, आम्ही सभांतून स्त्रियांच्या कष्टांवर पुष्कळ भाषणे केली आहेत. आमच्याच अंथरुणाशेजारी नऊ वर्षे रात्रपाळी चालली होती, तिची हजेरी आम्ही एक दिवसही मांडली नव्हती. त्या पहाटे पाचला उठून डबे करतात आणि पोळीभाजी केंद्रात कामाला जातात. त्या रात्रपाळीची सुट्टी कधी?

त्या दिवशी डॉक्टरांनी आणि यंत्र देणाऱ्या तंत्रज्ञाने आम्हाला तासभर बसवून शिकवले. ते इथे देतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मास्क आधी दिवसा लावायचा. रात्रीची वाट पाहायची नाही. संध्याकाळी टीव्ही पाहताना अर्धा तास, पहिल्यांदा यंत्राशिवाय, मग यंत्र सुरू करून. आम्ही विहारातल्या शिबिरात आनापान शिकलो होतो. येणारा श्वास, जाणारा श्वास नुसता जाणायचा. तेच मास्क लावून बसून केले. तिसऱ्या दिवशी घाबरणे ओसरले. यंत्रात दाब हळूहळू चढवण्याची सोय असते. सुरुवात कमी दाबाने होते आणि झोप लागेपर्यंत तो ठरलेल्या दाबावर पोचतो. ती आम्ही चालूच केली नव्हती.

आमचा मास्क एक माप मोठा निघाला. हवा गळते म्हणून आम्ही पट्टे आवळत होतो, त्याने नाकावर वळ उठले आणि गळती थांबली नाही ती नाहीच. योग्य मापाचा मास्क सैलसर पट्ट्यांवरही बसतो. झोपण्यापूर्वी तोंडाला खोबरेल तेल लावायची आमची जुनी सवय, तीही सोडावी लागली. तेलाने मास्क सरकतो आणि त्याची रबरासारखी कड खराब होते. आता साबणाने तोंड धुऊन मगच मास्क लावतो. सकाळी त्याची कड सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतो.

नळीतल्या पाण्याचे कारणही कळले. आम्ही जमिनीवर झोपतो आणि यंत्र स्टुलावर ठेवले होते. यंत्रातल्या पाण्याची वाफ नळीत गार होऊन पाणी उताराने तोंडाकडे येत होते. यंत्र डोक्यापेक्षा वर नसावे. आता ते जमिनीवर, लाकडी पाटावर असते. भांड्यात नळाचे पाणी घालायचे नाही, मेडिकलच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि उरलेले रोज ओतून टाकायचे. मास्कला बारीक भोके असतात, तिथून सोडलेला श्वास बाहेर जातो. त्यावर चादर ओढू नये, ती भोके बुजवू नयेत. लाईट गेली आणि यंत्र बंद पडले तर मास्क काढून ठेवावा.

आणि लोकांचे काय? आम्ही एका रविवारी शेजारच्या चार घरांना बोलावून यंत्र दाखवले. पोरांनी तळहातावर हवा घेऊन पाहिली. काकू म्हणाल्या, "एवढंच होय? हा तर उलटा पंखा." तेव्हापासून चाळीत त्याचे नाव पंखाच पडले आहे.

चमत्कार झाला नाही. पहिले दोन आठवडे फरक वाटला नाही. मग एका सकाळी लक्षात आले की डोके जड नाही. गाडीत कल्याण येईपर्यंत आम्ही वर्तमानपत्र वाचत होतो. परवाच्या बैठकीत दोन तास जागे होतो आणि हिशेबातली तीनशे रुपयांची चूक आम्हीच काढली. रक्तदाबाच्या गोळ्या अजून चालू आहेत. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. यंत्र आजार घालवत नाही, लावाल त्या रात्रीपुरते काम करते. चष्म्यासारखेच आहे ते. आता यंत्राच्या पडद्यावर तासाला तीन-चारचा आकडा दिसतो. आमची हजेरी रोजची सहा तास भरते. अजूनही एखाद्या पहाटे मास्क उशाशी पडलेला सापडतो. मग तो पुन्हा लावायचा.

आपल्या वस्त्यांत रिक्षावाले, ट्रक-ड्रायव्हर, वॉचमन, सफाई कामगार भाऊ आहेत. स्टेअरिंगवर डुलकी लागणाऱ्या माणसाच्या हातात स्वतःचाच नव्हे, दुसऱ्यांचाही जीव असतो. म्हणून सांगणे एवढेच. जो मोठ्याने घोरतो, ज्याचा श्वास मधे थांबतो, जो पुरेसे झोपूनही दिवसा पेंगतो, त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या. मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या छातीच्या विभागात किंवा कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. यंत्र लागलेच तर विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने मिळते का पाहा. वजन उतरवा, कुशीवर झोपा. दारूने घसा आणखी सैल पडतो, म्हणून ती नकोच. झोपेच्या गोळ्याही आपल्या मनाने घेऊ नका. आणि डॉक्टरांकडे एकटे जाऊ नका. आपण झोपेत काय करतो ते आपल्याला माहीत नसते, शेजारी जागणाऱ्या माणसाला माहीत असते. तिला बरोबर न्या आणि तिला बोलू द्या.

गेल्या रविवारी आम्हाला साडेसहाला जाग आली. यंत्र बंद केले, मास्क धुतला, चहा ठेवला. मंडळी उठल्या नव्हत्या. धाकटा हाक मारायला गेला, त्याला आम्ही खुणेने थांबवले. त्या आठ वाजेपर्यंत झोपल्या. चहा दोनदा गरम करावा लागला.

जयभीम.