कुलूप शाबूत आहे!

चोरीच्या बातम्या लिहिणाऱ्या वार्ताहरांचा मी चाहता आहे. सरकारं आली, गेली. पण त्यांचं वाक्य बदललं नाही. अज्ञात चोरट्यांनी बंद घराचा कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश केला! लक्षात घ्या, कडी-कोयंडा. कुलूप नव्हे. कुलूप बिचारं पायरीवर ठणठणीत पडलेलं असतं, सातही लिव्हर शाबूत. तरी दुसऱ्या दिवशी कॉलनीतली मंडळी बाजारात जातात आणि काय आणतात? आणखी मोठं कुलूप! कोयंडा तोच, अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर लटकलेला. धोतराच्या सोग्याला तिजोरी बांधावी तसा प्रकार.

वास्तविक कुलपाची घमेंड केव्हाच उतरलेली आहे. लंडनच्या एका ब्रामा कंपनीने आपलं कुलूप दुकानात मांडून 'उघडून दाखवा, दोनशे गिनी घ्या' असं आव्हान दिलं होतं. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खटपट केली आणि ते उघडलं. आमच्या पाचोऱ्याकडच्या चोराला एवढा वेळ कुठला? तो टॉमी घालतो, कोयंडा उपटतो आणि कामाला लागतो. आपल्याकडे १८९७ साली आर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपं बनवायला सुरुवात केली. त्यांनी आपलं काम चोख केलं. सुतारकाम तेवढं आपल्यावर सोपवलं होतं.

बरं, आपणही चोराला काही कमी मदत करत नाही. आखाजी आली, लग्नसराई आली, की घरं बंद होतात. रिक्षात बसता बसता आपण दूधवाल्याला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगतो, 'चार दिवस दूध नको रे!' किल्ली तुळशीच्या कुंडीत, सोनं उडदाच्या डाळीच्या डब्यात. या दोन जागा चोरांना ठाऊक नाहीत, असा आपला प्रामाणिक समज आहे. पूर्वी उन्हाळ्यात गल्लीच्या गल्ली धाब्यावर झोपायची. एक म्हातारा खोकला तर सात घरांना कळायचं. आता आपण दारं लावून कूलरपुढे झोपतो. शेजारचं कपाट फोडलं तरी वाटतं, पंपच खडखडतोय.

मी बँकेत कारकून. त्यामुळे लोक विचारतात, 'मग लॉकर घ्यावा का?' घ्या की! पण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला रिझर्व्ह बँकेचा नियमही वाचा. बँकेच्या हलगर्जीपणामुळे लॉकरमधलं चोरीला गेलं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. त्यात किती तोळे बसतात, ते जळगावच्या सराफ बाजारात विचारून या.

राहिला कॅमेरा. कॅमेऱ्यात चोर दिसतो, हे खरं. तोंडाला रुमाल बांधलेला दिसतो. खानदेशात उन्हाळ्यात कोणाच्या तोंडाला रुमाल नसतो? त्या हिशेबाने अर्धा तालुका आत टाकावा लागेल.

इथपर्यंत गंमत होती. माझं खरं भांडण पुढे आहे. आमच्या कॉलनीच्या सभेत नुकताच एक ठराव आला : भंगारवाले, भिक्षेकरी आणि फेरीवाले यांना कॉलनीत बंदी. धुणंभांडी करणाऱ्या बायांच्या पिशव्या जाताना तपासायच्या. पांढऱ्या शर्टाच्या माणसाला बंदी घाला, असं मात्र कोणी सुचवलं नाही. काबरं? चोर गरीबच असतो आणि गरीब बहुधा चोरच असतो, हे आपण धरूनच चाललोय. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. आमच्या सभेला ते अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

आणि हा ठराव कुठवर जातो, हे खानदेशाने पाहिलंय. १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. मुलं पळवल्याची नुसती अफवा होती. तो जमावही स्वतःला सावधच समजत असणार.

म्हणून मी ठरावाच्या विरुद्ध हात वर केला. एकट्यानेच. लगेच विचारणा झाली, 'मग चोरी झाली तर जबाबदारी तुमची का?' साहेब, माझं म्हणणं साधं आहे. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक गिऱ्हाइकाची. घरालाही दोन लागतात, एक आपली आणि एक शेजाऱ्याची. आपण शेजाऱ्याचं आडनावसुद्धा त्याच्या विजेच्या बिलावर वाचतो, मग दुसरी किल्ली द्यायची कोणाला?

अनोळखी माणूस दिसला तर जरूर विचारा. पण 'ए, कोण रे तू?' असं नको. 'कोणाकडे आले भाऊ? पाणी घेता का?' असं विचारा. पाहुणा असेल तर सुखावेल, तहानलेला असेल तर पाणी पिईल आणि चोर असेल तर आपला चेहरा बघितला गेलाय हे समजून निघून जाईल. तिघांचाही बंदोबस्त एका तांब्यात! याला वर्गणी लागत नाही, हीच बहुधा अडचण असावी.

आणि उद्या सुताराला बोलवा. चौकट पोखरली असेल तर बदला. कोयंड्याचे स्क्रू काढून आरपार बोल्ट मारा, आतून नट आवळा. गावाला जाताना शेजाऱ्याला सांगा, आणि तो गावाला जाईल तेव्हा त्याच्या ओट्यावरचा दिवा तुम्ही लावा. एवढं झालं की मग खुशाल कुलूप घ्या. मध्यम आकाराचं चालेल.