माळ्यावरची आरामखुर्ची

मैत्रिणींनो, दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून एखादी आरामखुर्ची खाली येतेच. काळवंडलेली, चिकट, वेताची बैठक लोंबलेली. 'द्या भंगारवाल्याला' असे घरातले कुणीतरी म्हणणारच. थांबा हं! आधी खुर्ची उलटी करून खालून बघा. लाकूड सागवानी किंवा शिसवी असेल, तर सांधे हलत असले तरी ती द्यायची नाही. जुन्या बाजारात खरेदी करतानाही हीच परीक्षा. मात्र बारीक भोकांतून पिठासारखा ताजा भुसा पडत असेल, तर आत कीड जिवंत आहे. असली वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नका.

आता माझीच फजिती सांगते. मामंजींचे एक उतरते डेस्क होते. मांडी घालून ते त्यावर हिशेब लिहीत. ते गेल्यावर मी मोठ्या उत्साहाने सुताराला बोलावून त्यावर रंधा मारून घेतला. डेस्क अगदी कोरे करकरीत झाले. सासूबाईंनी उजव्या कडेवरून हात फिरवला. मनगट टेकून टेकून तिथले लाकूड किंचित खोलगट झाले होते. "गेलं वाटतं," एवढेच म्हणाल्या. ते कुठल्या पॉलिशने परत येणार?

तेव्हापासून रंध्याला आमच्याकडे बंदी. जुन्या लाकडाचा काळेपणा बहुधा धूळ आणि तेलकट हातांचाच असतो. कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब घालून, फडके घट्ट पिळून पुसा आणि लगेच कोरडे करा. सोडा नको. मग एखाद्या दडलेल्या जागी स्पिरिटचा थेंब लावा. मिनिटभरात तिथे चिकट झाले, तर पॉलिश लाखेचे आहे, आणि ते खरवडायची गरजच नाही. नवा हात जुन्यात मुरतो.

एक लिटर स्पिरिटला दीडशे ग्रॅम चपडा लाख काचेच्या बरणीत भिजत घाला. अधूनमधून हलवा, दुसऱ्या दिवशी गाळून घ्या. गॅस, निरांजन, उदबत्ती, सगळे लांब हवे. स्पिरिट चटकन पेट घेते. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून रेषांच्या दिशेने भराभर पातळ हात द्या. बोळा अडखळला तर जवसाच्या तेलाचे एक बोट लावा. घाईने दाट हात देऊ नका, आणि पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. दमटपणाने पॉलिश पांढुरके पडते.

लोंबलेला वेत तुटलेला नसेल, तर खालच्या बाजूने गरम पाण्याचे फडके फिरवून चांगला भिजवा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना तो आवळतो. तुटला असेल तर मात्र वेत विणणाराच गाठायला हवा.

आमच्या आरामखुर्चीच्या हातावर गरम पेल्याचे एक पांढरे वर्तुळ होते. बोळा फिरवला की जाईल, म्हणून मी पुढे सरसावले, पण या वेळी आधी विचारले. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. चहा त्यांचाच आहे तो." तेवढी जागा सोडून बाकीचे पॉलिश केले.

आणि हो, नव्या पॉलिशवर निदान आठवडाभर तरी गरम कप टेकवू नका बरं!