पडघ्याला घरचा डॉक्टर हवा

“महामार्ग दाराशी असताना घरचा डॉक्टर शोधायचा कशाला? गाडीत बसले की कल्याण, नाही तर ठाणे. छातीला छातीचा, हाडाला हाडाचा, पोराला पोराचा डॉक्टर तेथे बसलेलाच आहे.” हे मत पडघ्यासारख्या गावात आता इतक्या सहजपणे ऐकू येते, की त्याची उलटतपासणी करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. भातशेतीचा आणि आठवड्याच्या बाजाराचा हा मुलूख मुंबई-नाशिक रस्त्याच्या रुंदीकरणाने आणि गोदामांच्या विस्ताराने पार बदलून गेला. तेव्हा आजारपणाचा कारभारही त्याच रस्त्याने शहराकडे जावा, असे लोकांना वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ते मत चुकीचे आहे, आणि नुसते चुकीचे नसून अपायकारक आहे, म्हणून त्याचा परामर्श घेणे भाग आहे.

प्रतिपक्षाचे जेवढे खरे आहे तेवढे आधीच मान्य करतो. छातीत कळ येऊन घाम फुटला, तोंड एका बाजूला वाकले, रस्त्यावर अपघात झाला किंवा बांधावर साप चावला, तर कोणीही घरच्या डॉक्टरांच्या ओट्यावर पाळी लावून बसू नये. १०८ क्रमांकाला कळवून, किंवा मिळेल त्या वाहनाने, जेथे उपचाराची सिद्धता आहे अशा जवळच्या रुग्णालयात रुग्णाची रवानगी करावी. परंतु माणसाच्या आयुष्यातले आजारपण बहुतांशी अशा घटकाभराच्या प्रसंगांचे बनलेले नसते. ते असते लांबलेल्या खोकल्याचे, वाढत्या रक्तदाबाचे, सुनेच्या पांढुरकेपणाचे, सासऱ्याच्या न लागणाऱ्या झोपेचे, आणि ज्याला अद्याप कोणतेच नाव देता येत नाही अशा अस्वस्थतेचे. त्या आजारपणाचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

समजा, साठी उलटलेल्या एका बाईचे पाय सुजू लागले, जिना चढताना धाप लागू लागली आणि उठता-बसता भोवळ येऊ लागली. महामार्गवादी मताप्रमाणे पाय हाडांच्या डॉक्टरांकडे, धाप छातीच्या डॉक्टरांकडे आणि भोवळ कानाच्या डॉक्टरांकडे जावयाची. प्रत्येक ठिकाणी निराळा केसपेपर, निराळ्या तपासण्या, निराळ्या गोळ्या. आणि प्रत्येक जण आपापल्या शास्त्राप्रमाणे यथायोग्य तेच करतो, यातही शंका नाही. पण गुडघे दुखतात म्हणून ही बाई गेले सहा महिने औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेते आहे, त्या गोळ्यांनी अंगात पाणी साठते, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तदाबाच्या औषधाचा गुणही उणावतो, ही एक गोष्ट त्या तिघांपैकी एकालाही ठाऊक असण्याचे कारण नसते, कारण ती कोणत्याही केसपेपरावर लिहिलेली नाही. ती ठाऊक असते ज्याने तिचे गुडघे पाच वर्षांपूर्वी पाहिले, ज्याच्याकडे तिचा मुलगा तापासाठी आणि नातू लसीसाठी येतो, त्या डॉक्टरांना. रोग कोणत्या अवयवात आहे हे ठरण्यापूर्वी तो कोणत्या माणसात आहे हे कळावे लागते, आणि ते कळण्यास तपासणीयंत्रापेक्षा सहवास अधिक उपयोगी पडतो.

पुन्हा, महामार्ग दाराशी आहे तो कोणाच्या? गोदामात रोजंदारीवर माल उचलणाऱ्या इसमाला कल्याणला जाऊन येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी, गाडीभाडे, तपासणीची फी आणि सोबत्याचाही खाडा. आसपासच्या पाड्यांवरील कातकरी किंवा वारली कुटुंबाला तर त्याहूनही पुष्कळ अधिक. परिणाम असा होतो, की माणूस आजार अंगावर काढतो आणि अंगावर काढलेला आजारच शेवटी त्याला मोठ्या रुग्णालयाच्या दारी नेतो. वेल्समधील एका खाणकामगारांच्या खेड्यात आयुष्य घालविलेले डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये या विपरीततेला नियमाचे रूप दिले : जेथे वैद्यकाची गरज सर्वांत अधिक, तेथेच चांगले वैद्यक सर्वांत दुर्मिळ. ते लिहिणारे गृहस्थ कोणी विद्यापीठीय पंडित नव्हते, तर त्या खेड्याचे घरचे डॉक्टर होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कोणी म्हणेल, आता प्रत्यक्ष जाण्याचीही आवश्यकता उरली नाही; दूरध्वनीच्या पडद्यावर डॉक्टर दिसतात आणि ‘ई-संजीवनी’सारखी शासकीय व्यवस्थाही उपलब्ध आहे. या व्यवस्थेला माझा विरोध नाही. पण पडघ्याच्या लोकांना मी त्यांच्याच शिवारातले एक उदाहरण देतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून निघालेली वीज १९९९ सालापासून ७५२ किलोमीटर लांबीच्या उच्चदाब एकदिश वाहिनीने पडघ्याच्या केंद्रात येऊन पोहोचते. वीज इतक्या लांबून आणता येते, कारण चंद्रपूरची वीज आणि पडघ्याची वीज यांत भेद नाही. रुग्णाचे तसे नाही. त्याच्या घरात चूल आहे की गॅस, विहिरीचे पाणी गढूळ झाले आहे काय, नवरा रात्री पिऊन येतो काय, हे पडद्यावरून विचारले तरी बाई खरे उत्तर देत नाही. ज्याला घर माहीत आहे त्याला मात्र न विचारता कळते.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. ज्याला विशेषज्ञ होता आले नाही तो गावात दवाखाना थाटतो, असा एक समज सुशिक्षितांतही रुजला आहे. याच महामार्गाच्या पलीकडच्या अंगाला, नाशकात जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला जी आरोग्याची तजवीज सादर केली, तिचा पाया ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक केंद्र आणि लोकांत मिसळून त्यांना निरोगी ठेवणारा सामाजिक दृष्टीचा डॉक्टर हाच होता. कुटुंबवैद्यक ही आज पदव्युत्तर अभ्यासाची स्वतंत्र शाखा आहे, आणि तिला उत्तेजन द्यावे असे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अधिनियमातच लिहिलेले आहे. पण कायद्याहून मोठा दाखला आपल्या कोकणातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नाडी, घाम, श्वास यांची टिपणे ठेवली, ती ‘लॅन्सेट’ने छापली, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग त्यांनी रूढ केल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आले. ही विद्या महानगरातून खेड्यात आली नाही. खेड्यातून जगात गेली.

आता सर्वांत बलवान आक्षेपाकडे वळतो. गावातले डॉक्टर प्रत्येक तापाला सुई टोचतात, थकव्याला सलाईन लावतात, नाव नसलेल्या पुड्या देतात आणि पुढे पाठविताना कट घेतात. अशांच्या हाती घर कसे सोपवावे? हा आक्षेप खोटा आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन जे लिहिले, त्यात कमिशनाचा हा व्यवहार खुद्द डॉक्टरांनीच कथन केला आहे. आणि त्यात मोठ्या शहरांची मोठी रुग्णालये सुटलेली नाहीत, हेही प्रतिपक्षाने वाचावे. परंतु सुईचा आणि सलाईनचा हा रोग का जडला, याचा विचार झाला पाहिजे. जो रुग्ण आज एका दारी, परवा दुसऱ्या दारी जातो, त्याला एका दिवसात गुण दाखवावा लागतो, नाही तर तो परत येत नाही. आणि एका दिवसात गुण दाखविण्याचा मार्ग सुईतून जातो. “हा साधा विषाणूचा ताप आहे, तीन दिवस विश्रांती घ्या, पाणी प्या, चौथ्या दिवशी या,” हे सांगण्याचे धैर्य ज्याला रुग्ण चौथ्या दिवशी येईल याची खात्री आहे त्यालाच असते. म्हणजे ज्या दोषाकडे बोट दाखवून घरचा डॉक्टर नको असे म्हटले जाते, तो दोष घरचा डॉक्टर नसल्यामुळेच वाढलेला आहे. नॉर्वेत सुमारे ४५ लक्ष लोकांच्या नोंदींवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की पंधरा वर्षांहून अधिक काळ एकाच कुटुंबडॉक्टरांकडे राहिलेल्यांत, वर्षभराचाच संबंध असलेल्यांच्या तुलनेने, रुग्णालयात दाखल होण्याची आणि मृत्यूची शक्यता सुमारे पाव हिश्शाने कमी होती. केवळ सहवासाचा हा परिणाम आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही, हे खरे. पण पंधरा वर्षे टिकलेल्या नात्याची ही नोंद डावलता येण्यासारखी नाही.

तर मग असा डॉक्टर ओळखावा कसा? नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर लिहिणे हे २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांवर बंधनकारक केले आहे. तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पडताळून पाहण्यात डॉक्टरांचा काडीमात्र अवमान नाही. औषधाचे नाव कागदावर लिहून देतात काय, जुने कागद मागून पाहतात काय, “हे माझ्या आवाक्यातले नाही” असे म्हणून वेळीच पुढची चिठ्ठी देतात काय, आणि ती देताना अमुकच ठिकाणी जा असा आग्रह धरतात काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. हाताला गुण आहे असे आपल्याकडे म्हणतात. तो गुण बहुधा ऐकून घेणाऱ्या कानात असतो.

शासनाकडे मात्र एक तक्रार आहे. पडघ्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आणि गोरगरिबांचा घरचा डॉक्टर तेथेच बसावयास हवा. पण शासकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या तरुण डॉक्टरांची बंधपत्रित सेवा एका वर्षाची. वर्षभरात त्याला पाड्यांची नावे पाठ होतात न होतात, तोच मुदत संपते आणि नवा चेहरा येतो. ठाणे जिल्हा परिषदेने आणि आरोग्य खात्याने अशा केंद्रांवर पाच-सात वर्षे राहू इच्छिणाऱ्या डॉक्टरांना घर, वेतनवाढ आणि पदव्युत्तर प्रवेशात अग्रक्रम देऊन तेथे टिकवावे, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून जावी.

आणि वाचकहो, येत्या आठवड्यात, घरात कोणीही आजारी नसताना, घरातल्या सर्वांचे जुने कागद एका पिशवीत घालून गावातल्या एका डॉक्टरांकडे जा, फी द्या, आणि “आजपासून आम्ही तुमचे” असे त्यांना सांगून या.