राखणीचा कुत्रा आणि नसबंदी

बीड तालुक्यातल्या लिंबागणेशसारख्या गावात शेतवस्तीवर कुत्रा हवाच असतो. त्याची नसबंदी करायचा विषय निघाला की मात्र माना हलतात: मग तो राखण कशी करणार?

करतो. अनोळखी माणसावर भुंकणं हे जातीवर, सवयीवर आणि संगोपनावर अवलंबून असतं. नसबंदीने कमी होतं ते मादीच्या मागे गावोगाव भटकणं आणि त्यातून होणारी भांडणं. भादव्यात घायाळ होऊन परतलेला कुत्रा कोणी पाहिला नाही?

मादीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ती साधारण दर सहा-सात महिन्यांनी माजावर येते, सुमारे 63 दिवसांत विते आणि पिल्लं गोणीत भरून दुसऱ्या गावाच्या शिवेवर सोडली जातात. नसबंदी न करता पिल्लं होऊच दिली नाहीत तर गर्भाशयात पू होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो, शस्त्रक्रियेने तो जवळजवळ संपतो.

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण मालकावरच सोपवलं आहे. पण शस्त्रक्रियेसाठी भूल, निर्जंतुक खोली आणि सराव असलेला डॉक्टर लागतो. ही सोय तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ठरलेल्या वारी मिळाली पाहिजे. नुसता नियम दाखवून शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे.