मनुष्य बदलतो, जबाबदारी उरते

बौद्ध धम्म आत्मा मानीत नाही, हे आमच्या समाजातील शाळकरी मूलही सांगू शकते. परंतु या विधानाच्या पोटात दडलेला प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. कधीही न बदलणारा असा ‘मी’ जर कोठेच नसेल, तर कालच्या कृत्याचा जाब आज कोणाला विचारावयाचा? आणि माणसाच्या हातून जे घडते ते जर आधीच ठरलेले असेल, तर त्याला दोष देण्यात किंवा त्याची स्तुती करण्यात अर्थ तो काय? हे प्रश्न केवळ ग्रंथांतले नव्हेत. जेथे मुले घर सोडून राहतात, चुकतात आणि सुधारतात, त्या निवासी शाळेत ते रोज उभे राहतात. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तथागतांच्या काळीही हा वाद रंगला होता. मक्खली गोसाल म्हणे, सर्व काही नियतीने ठरलेले आहे. फेकलेला सुताचा गुंडा जसा संपेपर्यंत उलगडत जातो, तसेच प्राण्यांचे भोग संपतात, प्रयत्नाने काही साधत नाही. पूरण कस्सपाच्या मते मारणाऱ्यास पाप नाही आणि दान देणाऱ्यास पुण्य नाही. सुखदुःख पूर्वकर्मानेच मिळते, ईश्वराच्या इच्छेने मिळते, किंवा अकारण मिळते, अशी तीन मतेही त्या काळी प्रचलित होती. अंगुत्तर निकायात तथागतांनी तिन्ही मतांवर एकच आक्षेप घेतला आहे. ती मानली, तर ‘हे करावे, हे करू नये’ या भेदालाच आधार उरत नाही आणि प्रयत्नाची इच्छा मरते. म्हणून त्यांनी कम्माचे मूळ चेतनेत, म्हणजे माणसाच्या हेतूत दाखविले.

परंतु आत्म्यावाचून हेतूची जबाबदारी वाहणारा कोण? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, याने सागल नगरीत भिक्खू नागसेनांना हीच अडचण विचारल्याचे मिलिंदपञ्ह सांगतो. पाळण्यातले मूल आणि मोठा झालेला राजा एकच की वेगळे? राजा म्हणतो, वेगळे. त्यावर नागसेन विचारतात की, मग शिकणारा एक आणि विद्वान होणारा दुसरा काय? गुन्हा करणारा एक आणि हातपाय तोडले जाणारा दुसरा काय? रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत शेवटच्या प्रहरात तीच नसते. तरीही ती परकी नसते, कारण त्याच दिव्याच्या आधारे ती अखंड तेवत आलेली असते. माणूसही तसाच आहे. आंब्यांच्या चोराचा दाखला तर सर्वश्रुत आहे. ‘मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे’ असा बचाव चोराने केला, तरी तो सुटत नाही. कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच आलेले असतात. जबाबदारीला न बदलणारा आत्मा लागत नाही, कार्यकारणाची अखंड साखळी पुरते, हे नागसेनांनी दाखवून दिले. औरंगाबादेत बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयास मिलिंदाचे आणि त्याच्या परिसरास नागसेनांचे नाव आहे, ते उगीच नव्हे.

युरोपात हा प्रश्न बऱ्याच उशिरा ऐरणीवर आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकने स्मृतीला आधार मानले: पूर्वीचे कृत्य ज्याला आपले म्हणून आठवते, तोच त्याचा कर्ता. १७८५ साली थॉमस रीडने त्यावर मार्मिक दाखला दिला. बागेतील फळे चोरल्याबद्दल शाळेत फटके खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी होतो आणि उतारवयात सेनापती. अधिकाऱ्यास ते फटके आठवतात. सेनापतीस अधिकारी असतानाचा पराक्रम आठवतो, पण फटके आठवत नाहीत. मग तो सेनापती आणि तो मुलगा एकच नव्हेत काय? इतिहासाचे अभ्यासक म्हणून आमचा कौल नागसेनांना आहे. अन्याय करणाऱ्याची स्मृती नेहमीच अधू असते, सोसणाऱ्याची नसते. विसरणे हीच सुटका ठरली, तर जगातील एकही जुलमी अपराधी ठरणार नाही.

येथे एक सावधगिरी हवी. कृत्यांची हीच साखळी मागल्या जन्मापर्यंत ताणून या देशात जातिव्यवस्थेचे समर्थन केले गेले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ही दिशाभूल उघड केली. दीनदुबळ्यांच्या अवस्थेचे खापर त्यांच्याच पूर्वकर्मावर फोडले, की राज्य आणि समाज आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी ओळखले होते. परकीय राज्यकर्तेही मागे नव्हते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. पुढे सोलापुरासारख्या ठिकाणी माणसे कुंपणाआड ठेवली गेली आणि स्वतंत्र भारतात १९५२ साली हा कायदा रद्द झाला. ज्याने काही केलेच नाही त्याला दोषी ठरविणे आणि ज्याने केले त्याला मोकळे सोडणे, या दोन्ही गोष्टी एकाच अन्यायाच्या दोन बाजू आहेत.

अंगुलिमालाच्या कथेत या दोन्ही बाजूंना उत्तर आहे. त्याला पकडण्यास निघालेल्या पसेनदी राजाला तथागत भिक्खू अंगुलिमाल दाखवितात. राजा बदललेला माणूस ओळखतो आणि त्याचा आदर करतो. परंतु तोच अंगुलिमाल भिक्षेस गेला असता लोकांचे दगड लागून रक्तबंबाळ होऊन परततो, तेव्हा तथागत त्याला सहन करण्यास सांगतात. हे त्याच्याच कृत्यांचे फळ आहे, असे बजावतात. माणूस बदलला हे खरे आणि केलेले पुसले गेले नाही हेही खरे.

आमच्या मते निवासी शाळेची शिस्त याच पायावर उभी राहावी. मुलाने सोबत्याची वस्तू घेतली, तर ती त्याने परत करावी, माफी मागावी, नुकसान भरून द्यावे. यात सूट नको. पण त्याला ‘चोर’ हे नाव देऊन दहावीपर्यंत त्याच नावाने ओळखणे म्हणजे १८७१ चा कायदा वसतिगृहात लागू करणे होय. पालकांनाही एक विनंती आहे. ‘आमच्या पोराच्या नशिबातच अभ्यास नाही’ हे वाक्य आजही बौद्ध घरांतून ऐकू येते. भिंतीवर बुद्ध-भीमाची तसबीर आणि ओठांवर मक्खली गोसाल, हे शोभत नाही. आणि माजी विद्यार्थ्यांनो, नागसेनांचा प्रश्न तुम्हालाही आहे. येथल्या सतरंजीवर बसून शिकलेला मुलगा एक आणि आज शहरात अधिकारपदावर बसलेला दुसरा काय? गुन्ह्याची जबाबदारी जशी वाहत येते, तसे ऋणही वाहत येते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांतील एकविसावी नव्या जन्माची आहे. तिच्यावर ती यादी संपत नाही. बाविसावी प्रतिज्ञा यापुढे बुद्धांच्या शिकवणुकीप्रमाणे वागण्याची आहे. नवा जन्म म्हणजे जुन्या हिशोबातून सुटका नव्हे, तर पुढच्या आचरणाची हमी होय, हे त्या क्रमातूनच स्पष्ट होते. आपल्या लेकरांना आपण तोच नवा जन्म आणि तीच जबाबदारी एकत्र द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.