सगळा वर्ग निघाला तरच सहल

नववी-दहावीची सहल यंदा खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला न्यावी, अशी सूचना काही पालकांकडून आली आहे. विश्वस्तांपैकी काहींना ही उधळपट्टी वाटते. मुलांचे मत वेगळे विचारायला नको, ते मधल्या सुट्टीत सगळ्यांना ऐकू येतेच! आमचे मत विचाराल तर सहल जरूर न्यावी. मात्र ती ठरवण्याची आजवरची पद्धत आम्हाला मान्य नाही.

आधी उधळपट्टीच्या आक्षेपाबद्दल. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा आजचे अनेक पालक शाळेत होते. पेडणे तालुक्यातल्या बहुतेकांनी ते फक्त दूरदर्शनच्या जाहिरातीत पाहिले. २०२२ मध्ये ते बंदही झाले. आपले राहिले ते मुलांना मिळावे असे आईवडिलांना वाटले, तर त्यात गैर काय? आणि सहलीत अभ्यास हवाच असेल, तर इमॅजिकातला ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे. ४० मीटरवरून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग नववीच्या मुलांनी वहीत काढून पाहावा. सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास येतो. स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा कशी होते, हे पोटात गोळा आल्यावर कोणी विसरत नाही.

आता नियोजन. हळर्णहून खोपोली साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास आहे. बसपेक्षा रेल्वे बरी. थिवीला संध्याकाळी कोकणकन्या धरली की पहाटे पनवेल येते. पण पार्क उघडते साडेदहा-अकराच्या सुमारास. मधले पाच-सहा तास पन्नास मुलांनी कुठे काढायचे, तोंड कुठे धुवायचे, न्याहारी कुठे करायची, हे कागदावर कोणी लिहीत नाही. परतीचीही तीच गत. पार्क रात्री रिकामे होते आणि गाडी पनवेलला मध्यरात्र उलटल्यावर येते. तिकिटावर त्यामुळे पुढच्या दिवसाची तारीख असते. ही तारीख चुकली, तर दमलेली मुले घेऊन शिक्षक फलाटावर उभे! पार्कमध्ये बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत, तेव्हा जेवणाचा खर्चही आधीच धरावा लागतो.

सहल छोटी असली की तिच्यात भर घालण्याचा मोह सर्वांना होतो. एक पालक म्हणतात, एवढे जातोच आहोत तर पालीचा बल्लाळेश्वर करू. दुसरे म्हणतात, लोणावळा घाटावरच आहे. तिसऱ्यांना चिक्की हवी असते. एका दिवसात हे सारे कोंबले की मुलांच्या वाट्याला बसची खिडकी तेवढी येते. पहाटेच्या मोकळ्या वेळात खोपोलीजवळच्या महडच्या वरदविनायकाचे दर्शन होऊ शकेल. त्यापलीकडे काही नको.

पण खरा प्रश्न पैशांचा आहे, आणि तो गाडीच्या आरक्षणातच दडलेला आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडते. डिसेंबरच्या आरंभी निघायचे तर ऑक्टोबरच्या आरंभी नावे आणि पैसे दोन्ही तयार हवेत. म्हणजे वसुली येते चतुर्थीच्या मागोमाग. चतुर्थीला माटोळीपासून करंज्यांपर्यंत घरातली गंगाजळी संपलेली असते, हे गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. ज्यांच्या हाती तेव्हा पैसे असतात त्यांची नावे यादीत लागतात. उरलेल्या मुलांना त्या दिवशी ‘ताप येतो’ किंवा त्यांच्या ‘मामाकडे कार्य असते’. सहलीहून परतलेला वर्ग पुढे महिनाभर त्याच गोष्टी बोलतो आणि मागच्या बाकावरची चार मुले खाली मान घालून ऐकतात. हे दरवर्षी घडते आणि आपण सारे ते जाणतो.

यावर एक तोड सुचवली गेली. राहिलेल्या मुलांना त्या दिवशी हळर्णच्या किल्ल्यावर न्यावे! आमचा याला ठाम विरोध आहे. शापोरा नदीकाठचा हा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ च्या मे महिन्यात पोर्तुगिजांनी तो घेतला, तेव्हा त्यांच्या व्हाइसरॉयला पुढे आपल्या गावाच्या नावाने ‘मार्क्विस ऑफ अलोर्ना’ असा किताब मिळाला. असा किल्ला पैसे न भरू शकलेल्यांची सहल ठरावा? तिथे संपूर्ण शाळेने जावे, कोणत्याही शनिवारी चालत जावे.

आमची सूचना अशी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चार हप्ते घ्यावेत. हप्ता कोणाचा आला, कोणाचा राहिला, हे वर्गशिक्षकांखेरीज कोणाला कळू नये. कमी पडेल ती रक्कम विश्वस्तांनी एकत्र भरावी, नावे न विचारता. मुलांची उंची शाळेतच आधी मोजावी. मोठ्या राइडना साधारण १४० सेंटिमीटरची अट असते. ती रांगेत तासभर उभे राहिल्यावर कळली, तर मुलाचा विरस सर्वांदेखत होतो. आरोग्याचा अर्जही पालकांनी नुसती सही करून देऊ नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या पालिका शाळेतील आठवीचा एक विद्यार्थी याच पार्कच्या सहलीत अस्वस्थ वाटून दगावला. दम, फिट, हृदयाचा त्रास, काही असेल ते शिक्षकांना स्पष्ट सांगावे. अशा मुलाने सहलीला यावे, फक्त काय टाळायचे ते आधी ठरलेले असावे.

सप्टेंबरअखेर हिशेब मांडावा. वर्गाच्या पटावरील सगळी मुले, ज्यांना घरूनच यायचे नाही ती वगळून, यादीत बसली तर आरक्षण करावे. नाही बसली तर खोपोली पुढच्या वर्षी. यंदा मिरामारचे विज्ञान केंद्र पाहू, सकाळी निघून संध्याकाळी परत.